मेंढा आणण्याआधी वही आणा

बकरी ईदच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या वस्तीवर व्यापाऱ्यांच्या गाड्या सुरू होतात. कळपातला सगळ्यात भरलेला, उंच, लांब अंगाचा कोवळा नर त्यांना लांबूनच दिसतो. रोख पैसे मिळतात, भावही बरा मिळतो, आणि घरात पेरणीची निकड असते. नर जातो. मग रोहिणी-मृगाचा पाऊस पडतो, हिरवं उगवतं, मेंढ्या माजावर येतात, आणि त्यांना भरवायला उरतो तो, ज्याला कुणी घेतलं नाही. त्याचीच कोकरं पुढच्या वर्षी कळपात. असं वीस वर्षं चाललं की माणसं म्हणतात, "जातच हलकी झाली." जात हलकी झालेली नाही. आपणच दरवर्षी चांगलं रक्त विकलं आणि हलकं ठेवलं.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. लग्न होऊन आले तेव्हा सासरी 40 मेंढ्या आणि पाच शेरडं होती. चारायला पुरुषमाणसं जायची. कोकरांची पाजणी, आजारी जनावर आणि वाड्याची झाडलोट बायकांकडं. त्यामुळं कुठली मेंढी कुणाची लेक हे मला तोंडपाठ असायचं. पण मला ठाऊक असून मेंढा निवडताना त्याचा काही उपयोग व्हायचा नाही, कारण ते कुठं लिहिलेलंच नव्हतं. आता बारा वर्षांच्या वह्या घरात आहेत. नव्यानं दहा-वीस मेंढ्या घेऊन सुरुवात करणाऱ्या मंडळींसाठी, विशेषतः माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यातल्यांसाठी, हे लिहिते आहे.

1. आधी ठरवा: नेमकं काय वाढवायचंय?

मेंढीकडून सगळंच हवं असतं: वजन, जुळी, दूध, काटकपणा, चालायची ताकद. पण एका वेळी पाच गोष्टींवर निवड केली तर एकीतही धड प्रगती होत नाही. दोन गोष्टी धरा. आमच्याकडं लोकरीला आता भाव नाही, घोंगडीवाले थोडे राहिले, तेव्हा पैसा मटणाच्या वजनात आहे. म्हणून आमच्या वहीत दोनच गोष्टी मोठ्या अक्षरात: तीन महिन्यांचं वजन आणि एका मेंढीमागं जगलेली कोकरं.

रंग, कानाची लांबी, नाकाचा बाक या गोष्टींना मी शेवटी ठेवते. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी सुंदर आहे. पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे, उंच, झपाट्यानं वाढणारी, आणि पोपटासारखं बाकदार नाक. 2020 मध्ये आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला 70 लाखांपर्यंत बोली लागल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. तशी किंमत हौसेची असते. तुमचा खाटीक नाकाचे पैसे देत नाही. माडग्याळी मेंढा घ्यायचा असेल तर त्याच्या वाढीसाठी घ्या, आणि आपल्या माळावर तेवढ्या मोठ्या अंगाला पुरेल एवढा चारा आहे का हे बघून घ्या.

इथं अनुवंशाची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वजन, दूध, काटकपणा हे गुण एका जनुकावर चालत नाहीत. पुष्कळ जनुकं थोडीथोडी भर घालतात आणि वर चाऱ्याचा, पावसाचा, रोगाचा हात असतो. त्यामुळं असे गुण निवडीनं हळूहळू सुधारतात, पण सुधारलेले टिकतात. वाढीच्या वेगातला पाव भागाच्या आसपास फरक रक्तातून येतो. बाकी सगळा सांभाळाचा. जुळं होणं हा गुण नुसत्या निवडीनं फारच सावकाश वाढतो. त्याला एक वेगळी वाट आहे आणि ती सातारा जिल्ह्यातूनच जाते, तिच्याबद्दल पुढं.

2. वही आणि बिल्ला

शंभर पानी, पुठ्ठ्याची वही पुरे. प्रत्येक मेंढीला एक पान. वर कानातल्या बिल्ल्याचा नंबर. सरकारी दवाखान्यातून मारतात तो 12 अंकी पिवळा बिल्ला असेल तर तोच नंबर घ्या, आणि शेवटचे चार अंक मोठे लिहा म्हणजे वाड्यात अंधारातही काम होतं. पानावर: आई कोण, बाप कोण, जन्म तारीख, एकटी की जुळ्यातली. खाली प्रत्येक वेताची ओळ: भरवल्याची तारीख, व्याल्याची तारीख, किती कोकरं, नर की मादी, जन्मवजन, तीन महिन्यांचं वजन, आणि मेलं तर कशानं.

बापाचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि सगळी वही तिथंच वाया जाते. बाप कळायचा तर कळपात एका वेळी एकच आंडील, म्हणजे खच्ची न केलेला, नर हवा. छोट्या कळपाला ते अवघड नाही, कारण एक मेंढा 25-30 मेंढ्यांना पुरतो. त्याच्या छातीला तेलात कालवलेली काव लावा. मेंढी भरली की तिच्या पुठ्ठ्यावर तांबडा डाग दिसतो. त्या दिवसाची तारीख लिहा. मेंढीचा माज 17 दिवसांनी फिरतो. म्हणून 17 दिवसांनी काव बदलून नीळ लावा. तांबड्यावर पुन्हा निळा डाग उठला, तर ती पहिल्या खेपेला राहिली नव्हती. निम्म्याहून जास्त मेंढ्यांवर दोन्ही डाग उठले तर दोष मेंढ्यांत शोधू नका, मेंढा तपासून घ्या.

3. वजन, आणि वजनाचा हिशेब

डोळ्यानं वजन ओळखता येतं असं आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, ठामपणे सांगायचे, आणि मोठ्या जनावराचं ते खरंच बरोबर सांगायचे. पण कोकरांत दोन किलोचा फरक डोळ्याला चकवतो, कारण लोकर वाढलेली असते, पोट भरलेलं असतं. टांगता काटा आणि कापडाची झोळी घ्या. सकाळी, चरायला सोडण्याआधी मोजा.

सगळी कोकरं एकाच दिवशी जन्मत नाहीत, म्हणून वजन 90 दिवसांवर आणावं लागतं. समजा, कोकरू जन्मताना 2.8 किलो होतं आणि 97 व्या दिवशी 14.4 किलो भरलं. वाढ झाली 11.6 किलो, म्हणजे दिवसाला साधारण 120 ग्रॅम. 90 दिवसांची वाढ 10.8 किलो, त्यात जन्मवजन मिळवा, 13.6 किलो. हा आकडा पानावर लिहायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुळ्यातल्या कोकराची तुलना एकट्या कोकराशी करू नका. एकट्याला आईचं सगळं दूध मिळतं. 13.6 किलोचं एकटं आणि 12 किलोचं जुळ्यातलं शेजारी उभी केली, तर हात एकट्याकडं जातो. पण अर्ध्या दुधावर 12 किलो झालेलं कोकरू बहुधा जास्त चांगल्या रक्ताचं असतं, आणि त्याची आई दोन जगवणारी असते. दरवर्षी "मोठं दिसतं" म्हणून एकट्यालाच पैदाशीला ठेवत गेलात, तर कळत नकळत जुळी देणाऱ्या आयांचं रक्त तुम्ही कळपातून काढून टाकता. पहिली चार वर्षं आम्ही अगदी हेच केलं. वहीत मागं जाऊन पाहिलं तेव्हा ठेवलेले चारही मेंढे एकटे जन्मलेले निघाले, आणि मला फार वाईट वाटलं.

4. निवड

मेंढी आयुष्यात पाच-सहा कोकरं देते. मेंढा एका हंगामात पंचवीस. कोकराला निम्मं रक्त आईकडून, निम्मं बापाकडून येतं हे खरं, पण कळपाचं निम्मं रक्त त्या एकट्या नराकडून येतं. म्हणून तुमच्याकडं वेळ, पैसा, लक्ष जे काही असेल, त्यातलं जास्तीत जास्त मेंढ्यावर लावा.

तीन महिन्यांच्या वजनावर नरांतले वरचे तीन-चार बाजूला काढा आणि ते ईदला विकायचे नाहीत हे घरात आधीच ठरवून ठेवा. गाडी दारात आल्यावर ठरवायला गेलात तर ठरत नाही. त्यांना सहा महिने, वर्ष वाढू द्या. मग त्यातून एक निवडा. त्याची आई बघा: दरवर्षी व्याली का, कोकरं जगली का, कास कशी, दोन्ही सडांत दूध होतं का. मग त्याला स्वतःला तपासा. जबडा: खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकले पाहिजेत, पुढं आलेले किंवा मागं गेलेले नकोत, तसा मेंढा आखूड गवत खाऊ शकत नाही आणि तो दोष कोकरांत उतरतो. खूर, गुडघे, डोळे. वृषण दोन्ही खाली उतरलेले, सारखे, हाताला घट्ट, गाठ नसलेले. एकच वृषण उतरलेला नर कितीही देखणा असला तरी पैदाशीला नाही.

बाजारातून मेंढा घेत असाल, लोणंदचा असो की आटपाडीचा, तर निदान दोन दाती, म्हणजे दोन पक्के दात आलेला, बघा. आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेला, नर स्वस्त पडतो पण तो कसा होईल हे सांगता येत नाही. आणल्यावर 21 दिवस कळपापासून वेगळा बांधा. पशुवैद्यकाकडून ब्रुसेल्लाची तपासणी करून घ्या. मेंढ्या गाभडायला लागल्यावर ती करून उपयोग नसतो. आणखी एक: मेंढ्याला जोराचा ताप येऊन गेला असेल तर त्यानंतर जवळजवळ दोन महिने त्याच्यावर भरवसा ठेवू नका, कारण नवं वीर्य तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. जूनमध्ये भरवायचं असेल तर एप्रिलपासूनच त्याला मूठभर भरडा सुरू करा आणि दुपारी सावलीत ठेवा.

माद्यांत निवड सोपी आहे. दोन हंगाम खाली राहिलेली (गाभण न झालेली), कास बसलेली, कोकराला जवळ न घेणारी मेंढी काढून टाका. आमच्याकडं यावरून रडारड झाली आहे, कारण ती जनावरं नावानं ओळखीची असतात. तरीही काढा. नवी पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण मादी, 22 किलोच्या आत भरवू नका. लवकर भरली तर तिची स्वतःची वाढ खुंटते.

5. उरलेल्या नरांचं काय

चार महिन्यांचा नर कोकरू माजावरची मेंढी भरवू शकतो. नको असलेल्या नरांचं त्याआधी पशुवैद्यकाकडून खच्चीकरण करून घ्या, नाहीतर वेगळे ठेवा. जुने धनगर मेंढ्याच्या पोटाखाली गोणपाट बांधतात. हंगाम सोडून मेंढी भरू नये म्हणून ते आजही उत्तम.

6. जुळ्यांचं जनुक

आपली दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते. शंभर वेतांत जुळी अगदी मोजकी. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात मात्र गरोल नावाची एक ठेंगणी मेंढी आहे, अंगानं आपल्या मेंढीच्या निम्मी, पण तिला जुळी-तिळी ही रोजची गोष्ट. तिच्या रक्तात 'फेक-बी' नावाचं एक जनुक आहे. त्याच्यामुळं एका माजात एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात. 1790 च्या दशकात कलकत्त्याहून जहाजानं काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या; तिथल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांत हेच जनुक सापडलं. ते नेमकं कोणत्या बदलामुळं काम करतं हे 2001 मध्ये उलगडलं, आणि तेव्हापासून रक्ताच्या तपासणीत ते थेट ओळखता येतं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गरोलचं हे जनुक आपल्या लोणंदकडच्या दख्खनी मेंढीत आणलं. काम कसं झालं ते नव्या माणसानं समजून घ्यावं, कारण संकराचं सगळं शास्त्र त्यात आहे. गरोल आणि दख्खनीचा संकर केला की पिल्लात गरोलचं रक्त 50 टक्के, अंग लहान. त्यातलं जनुक असलेलं पिल्लू पुन्हा दख्खनीशी लावलं की 25 टक्के. पुन्हा लावलं की 12.5. प्रत्येक पिढीत अंग आपल्या मेंढीसारखं होत जातं, आणि प्रत्येक पिढीत तपासणी करून जनुक असलेलीच जनावरं पुढं ठेवली तर ते मात्र हरवत नाही. त्यातून 'नारी सुवर्णा' तयार झाली.

जनुक जोडीनं असतं. एक आईकडून, एक बापाकडून. ज्या मेंढ्याकडं दोन्ही प्रती फेक-बीच्या आहेत, त्याच्या प्रत्येक कोकराला एक प्रत मिळणारच. एक प्रत असलेल्या मेंढ्याच्या निम्म्याच कोकरांना मिळेल. एक प्रत असलेली मेंढी सरासरी दीडच्या आसपास कोकरं देते, म्हणजे दहा वेतांत पंधरा. काही एकटी, काही जुळी, क्वचित तिळी. मेंढ्याकडं बघून जनुक आहे की नाही हे कधीच कळत नाही, कारण नराला जुळी व्हायची नसतात. म्हणून असा मेंढा घेताना तपासणीचा कागद मागा, आणि त्यावर एक प्रत की दोन हे वाचा. "जुळ्यातला आहे" एवढं तोंडी सांगणं पुरेसं नाही.

धीर लागतो. मेंढा या जूनमध्ये आणला, तर कोकरं नोव्हेंबरात. ती एकटीच असतील, कारण त्यांच्या आया जुन्याच आहेत. त्यातल्या पाठी 19 महिन्यांच्या होऊन पुढच्याच्या पुढच्या जूनमध्ये भरतील आणि नोव्हेंबरात वितील. मेंढा आणल्यापासून पहिली जुळी दिसायला जवळजवळ अडीच वर्षं. आमच्या शेजारच्या एका वस्तीवर दुसऱ्या वर्षीच "काही फरक नाही" म्हणून मेंढा विकला. त्याच्या लेकीही बाजारात गेल्या.

लेकींना एक प्रत मिळाली की थांबा. दोन प्रतींच्या माद्या तयार करायच्या मागं लागू नका. त्यांच्यात तिळ्यांचं प्रमाण वाढतं आणि आपल्या माळावरच्या मेंढीला तिघांचं दूध नाही. पुढचा मेंढा साधा, पण वाढीला उत्तम असा घ्या. त्याच्या लेकींपैकी निम्म्या जनुकाच्या असतील; तपासून त्या ठेवा.

शेळी पाळणाऱ्यांना हे सगळं लागत नाही. उस्मानाबादी शेळी मुळातच जुळी देते. तिथं निवड दुधावर आणि जगलेल्या करडांवर करा.

7. दोन पिल्लांना पुरेल एवढं खायला आहे का?

हे आधी तपासा, मग जनुक आणा. मी जुळ्यांच्या बाजूची आहे, पण उपाशी मेंढीच्या पोटात दोन कोकरं म्हणजे तीन जीव धोक्यात. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात कोकराची बहुतेक वाढ होते आणि त्याच वेळी पोटात चाऱ्याला जागा कमी उरते. जुळी असतील तर मेंढी स्वतःचं मांस-चरबी जाळते, सुस्त होते, खाणं सोडते आणि बसते ती उठत नाही. त्या दीड महिन्यात चरून आल्यावर प्रत्येकीला रोज 200 ते 300 ग्रॅम मक्याचा भरडा आणि पेंड, सोबत तुरीचं किंवा हरभऱ्याचं भूस. पाणी कमी असेल तर बांधाला शेवरी, सुबाभूळ लावा.

विताना दोन्ही कोकरांनी पहिल्या तासा-दोन तासांत चीक प्यायलाच पाहिजे. जुळ्यातलं दुसरं, लहान कोकरू मागं पडतं. त्याला धरून पाजा. दोन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसभरात निदान 200 मिली चीक पोटात जायला हवा. आई आणि जुळी दोन दिवस पाच फूट बाय पाच फूट जागेत वेगळी ठेवा, म्हणजे आई दोघांना ओळखते. लगेच कळपात सोडली तर एकाला विसरून दुसऱ्याबरोबर निघून जाते. दूध कमी पडलं तर शेरडाचं पाजा. धनगराच्या कळपात दोन-चार शेरडं असतात ती याचसाठी.

दिवाळीनंतर जे कोकणात किंवा कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात मेंढरं घेऊन जातात, त्यांनी विचार करून ठरवावं. रोज आठ-दहा किलोमीटर चालणाऱ्या कळपात चार दिवसांची जुळी सांभाळणं फार जड जातं. घोड्यावर, टेम्पोत किती कोकरं बसतात, मुक्कामाला बायामाणसं किती आहेत, हे मोजा. अर्धा कळप घरी ठेवता येत असेल तर जनुकाच्या मेंढ्या घरी ठेवा.

8. नात्यात लावू नका

मेंढा आवडता झाला की तो पाच-सहा वर्षं राहतो आणि स्वतःच्या लेकींना भरवतो. बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या कोकरात एकाच पूर्वजाकडून दोन्ही बाजूंनी तीच जनुकं यायची शक्यता 25 टक्के असते. कोकरं लहान होतात, जास्त मरतात, मेंढ्या खाली राहतात, आणि लोक त्याचा दोष पावसाला देतात. मेंढा दोन हंगाम वापरा आणि लेकी भरायच्या आधी बदला.

नवा मेंढा दर वेळी विकत घ्यावा लागत नाही. तीन-चार वस्त्यांनी मिळून फेरा लावावा: तुमचा त्यांच्याकडं, त्यांचा पुढच्यांकडं. प्रत्येकाची वही असेल तरच हे जमतं. चांगलं रक्त बाहेरून आणायचं असेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे दहिवडीला आणि कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला प्रक्षेत्र आहेत. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना वही बरोबर न्या. कागद बघितला की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेनं बोलतो, हा माझा अनुभव आहे.

आमच्याकडं या वर्षी मेंढा 10 जूनला कळपात सोडला आणि 51 दिवसांनी, म्हणजे माजाच्या तीन फेऱ्या झाल्यावर, 31 जुलैला बाहेर काढला. मेंढी साधारण 147 ते 150 दिवसांत विते, तेव्हा पहिली 4 नोव्हेंबरच्या सुमारास आणि शेवटची डिसेंबरच्या अखेरीस. हा त्याचा दुसरा हंगाम. त्याच्या पहिल्या लेकी येत्या जूनमध्ये भरायच्या होतील. म्हणून मे महिन्यात तो खटावातल्या एका कळपात जाईल, आणि तिथला दोन दाती, जुळ्यातला, 90 दिवसांना 13.1 किलो भरलेला मेंढा आमच्याकडं येईल. त्याचं पान मी काढून ठेवलं आहे.